न घेतलेल्या दारूची साक्ष

मी आयुष्यात दारूचा थेंबही घेतलेला नाही, हे विधान आरंभीच करून ठेवतो. पुढील हकीकत वाचताना वाचकांचा त्यावरील विश्वास क्रमाक्रमाने कमी होत जाईल, याची मला कल्पना आहे. माझ्या परिचितांचाही असाच कमी होत गेला. पोलिसांचा तर मुळातच नव्हता.

प्रकरणाला कारण झाले माझे नवे पद. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात चौतीस वर्षे नकाशे तपासले आणि सत्त्याण्णव साली, निवृत्त होऊन पाच वर्षे उलटल्यावर, माझ्या पत्नीचा व्यवस्थापक झालो. कुसुम आमच्या विश्रांतवाडीच्या चर्चमधील गायनमंडळात चाळीस वर्षे गात आली आहे. तिने स्वतः चाली लावलेल्या आठ ख्रिस्ती भक्तिगीतांची कॅसेट निघाली, तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "लोंढे, बाईंचा आवाज विश्रांतवाडीपुरता ठेवू नका. बाहेरचे कार्यक्रम, पत्रव्यवहार, हे सगळं कोणीतरी बघायला हवं." त्या वेळी त्या खोलीत 'कोणीतरी' म्हणता येईल असा मी एकटाच बसलो होतो.

कोणतेही काम मी पद्धतशीरपणे करतो. पद्धतशीर माणसाला लोक निर्भय समजतात. वस्तुस्थिती उलट आहे. ज्याला सतत काहीतरी चुकेल अशी भीती वाटते, तोच पट्टी घेऊन रेघा आखतो. मी प्रथम पत्रकागद छापून घेतले. नंतर पुणे शहर आणि जिल्ह्यातील एकेचाळीस चर्चना कॅसेटसह पत्रे पाठवली. सोबत एक करारनामा जोडला. त्यात ध्वनिक्षेपकाची उंची (सव्वाचार फूट, अर्धा इंच कमीअधिक चालेल), गायिकेच्या खुर्चीला हात असावेत की नसावेत, कोमट पाण्याचे तापमान आणि कार्यक्रम रद्द झाल्यास कोणी कोणास किती दिवसांत कळवावे, अशी एकोणीस कलमे होती.

एकेचाळीसपैकी अडतीस चर्चनी उत्तर पाठवले नाही. दोघांनी कॅसेट आवडल्याचे कळवून करारनामा परत केला. एकाने करारनाम्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले होते : "प्रभूच्या कामात करार कसला? तरी आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना करीत आहोत."

आमच्या शेजारी आप्पासाहेब राहतात. ते सदाशिव पेठेतून इकडे राहायला आले, परंतु त्यांची जीभ अद्याप तिकडेच आहे. माझा करारनामा त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "यात फक्त गाण्याचं कलम राहून गेलंय."

अशा परिस्थितीत पुण्याजवळच्या मांजरी गावच्या संजीवन सभेचे पत्र आले, तेव्हा मला आनंद होण्याऐवजी धडकी भरली. मांजरीच्या मैदानावर दरवर्षी तीन दिवसांची मोठी सभा होते. प्रवचने, प्रार्थना आणि भक्तिगीते. चार-चार हजार माणसे येतात. सभेचे चिटणीस संपतराव यांनी शनिवारचा सायंकाळचा, म्हणजे सर्वांत मोठ्या गर्दीचा कार्यक्रम कुसुमला देऊ केला होता. सोबत एक माहितीपत्रक होते, ते भरून पाठवायचे होते.

कुसुमने ते पत्र दोनदा वाचले. मग घडी घालून पदराच्या टोकाने पुसले. वास्तविक त्यावर पुसण्यासारखे काही नव्हते. "चार हजार," एवढेच ती म्हणाली. त्या दिवशी तिने भाजीत मीठ दोनदा घातले. तिची ही संधी माझ्या हातून जाऊ नये, अशी भीती मला त्याच जेवणात लागली, ती पुढे तीन आठवडे गेली नाही.

माहितीपत्रकाचे पहिले आठ रकाने मी सुवाच्य अक्षरात भरले. नववा रकाना होता : 'जीवनातील मुख्य संकट.' दहावा : 'त्या संकटातून सुटका कशी झाली.'

येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. आमच्यात सभेत गाणारा माणूस नुसता गात नाही. गाण्यापूर्वी त्याने साक्ष द्यावी अशी अपेक्षा असते. मी अमुक पापात, रोगात किंवा दुःखात बुडालो होतो, प्रभूने मला वर काढले, असे लोकांसमोर सांगायचे आणि मग गायचे. कुसुमच्या आयुष्यात असे काहीच नव्हते. ती नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, वेळेवर निवृत्त झाली, वेळेवर निवृत्तिवेतन सुरू झाले. परंतु आमच्या ड्रॉइंग ऑफिसात रिकामा रकाना असलेला नकाशा तपासणीस घेतच नसत. मी फॉर्म घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

"कुसुम, तुझ्या आयुष्यातले मुख्य संकट कोणते?"

ती घेवडा मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही."

"मी फॉर्मसाठी विचारतो आहे."

"मग फॉर्मात लिहा."

"आणि त्यातून सुटका कशी झाली?"

"कुठे झालीय? प्रार्थना चालू आहे."

आता कोणीही म्हणेल की हा विनोद होता. मलाही तशी शंका आली होती. परंतु माहिती देणाऱ्याने दिलेली माहिती जशीच्या तशी नोंदवावी, तपासनिसाने तीत आपल्या पदरची भर घालू नये, हा नियम मी चौतीस वर्षे पाळला. मी नवव्या रकान्यात 'पती' आणि दहाव्यात 'प्रार्थना चालू आहे' असे लिहिले, व्यवस्थापक म्हणून सही केली, माझे पासपोर्ट आकाराचे छायाचित्र चिकटवले आणि फॉर्म टपालात टाकला. ते छायाचित्र काढले त्या दिवशी मला कडक सर्दी झाली होती. डोळे लाल आणि सुजलेले होते, केस उभे होते. हा तपशील तेव्हा मला महत्त्वाचा वाटला नाही.

दहा दिवसांनी संपतरावांनी नमुन्यादाखल एक छापील पत्रक पाठवले. दार मीच उघडले, ही प्रभूची कृपा. पत्रकाच्या वरच्या अर्ध्या भागात माझे ते छायाचित्र होते, वर्तमानपत्राच्या पानाला शोभेल एवढे मोठे. त्याखाली ठळक अक्षरात मजकूर होता :

"बाटलीतून बायबलकडे! एका दारुड्या पतीच्या पत्नीची हृदयद्रावक कहाणी! पती स्वतः व्यासपीठावर येऊन साक्ष देणार!"

आणि अगदी तळाशी, डोळे बारीक करून वाचावे अशा अक्षरात : "भक्तिगीते - कुसुम लोंढे."

मी तडक मांजरीला गेलो. संपतराव सभेच्या कार्यालयात सतरंज्या मोजून घेत होते. मी पत्रक त्यांच्यासमोर धरले.

"छान आलंय ना?" ते म्हणाले. "फोटो तर एकदम बोलका आहे."

"मी दारू पीत नाही."

"प्रभूची स्तुती असो."

"मी कधीच प्यायलो नाही! फॉर्ममध्ये दारूचा उल्लेखसुद्धा नाही!"

"लोंढेसाहेब," संपतराव सतरंजी खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "बाईंच्या आयुष्यातलं संकट नवरा आहे, असं तुमच्याच अक्षरात आलंय. आमच्या सभेत आजवर छत्तीस बायकांनी साक्ष दिली. त्यातल्या एकतीस जणींचं संकट नवराच होता, आणि एकतीसच्या एकतीस नवरे पीत होते. आम्ही काय समजायचं?"

"पण 'प्रार्थना चालू आहे' असे लिहिले होते. तुम्ही तर सुटका झाल्याचे छापले."

"चालू आहे असं छापलं तर लोक म्हणतील, देवाला एवढा वेळ लागतोय."

मी पत्रक बदलण्याची मागणी केली. संपतरावांनी कोपऱ्यातील गठ्ठ्यांकडे हात केला. वीस हजार प्रती होत्या. "बदलायला हरकत नाही," ते म्हणाले. "पण मग बाईंना शनिवारी ठेवता येणार नाही. साक्षीशिवाय शनिवार देत नाही आम्ही. शुक्रवारी दुपारी सामुदायिक गायनात उभ्या राहू देत. शनिवारसाठी एक बाई तयारच आहेत. त्यांना साप चावला होता."

मी पत्रक घडी करून खिशात घातले आणि परत आलो.

हे मी घाबरून केले, हे मान्य आहे. परंतु भीती दुहेरी होती. मजकूर बदलला तर कुसुमचा शनिवार जाणार. मजकूर न बदलता कुसुमला कळला, तरीही जाणार. कारण खोट्या हजेरीवर सही करायला नकार देऊन ही बाई एकदा मुख्याध्यापिकेशी वर्षभर अबोला धरून बसली होती. खोट्या साक्षीवर ती गाणार नाही, हे मला दोन अधिक दोन चार इतके पक्के ठाऊक होते. तेव्हा एकच मार्ग उरला. साऱ्या पुण्याने मला दारुडा समजावे, आणि कुसुमला ते शनिवारपर्यंत कळू नये.

पुण्याला हे काम अवघड गेले नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी आप्पासाहेब आले. त्यांच्या हातात पत्रक होते आणि चेहऱ्यावर समाधान.

"लोंढे, अकरा वर्षं भिंतीला भिंत लागून राहतोय आपण. एकदाही बोलावलं नाहीत."

"आप्पासाहेब, हे सर्व खोटे आहे. आणि कृपा करून कुसुमला सांगू नका."

"म्हणजे वहिनींनाही ठाऊक नव्हतं?" ते थक्क झाले. "मानलं तुम्हाला. आमच्याकडे मी बाहेर भजी खाल्ली तरी जिन्यातच कळतं."

मी हळू आवाजात त्यांना सर्व हकीकत सांगितली. त्यांनी ती मन लावून ऐकली. खोटे बोलणाऱ्या माणसाचे धाडस पाहून माणूस जसा मान हलवतो, तशी त्यांनी शेवटी मान हलवली.

"माझ्याकडून कोणालाही कळणार नाही," जाताना ते म्हणाले. "ज्यांना सांगायचं होतं त्यांना सकाळी फिरायला गेलो तेव्हाच सांगून झालंय."

रविवारी उपासनेच्या अर्धा तास आधी मी एकटाच चर्चमध्ये गेलो. प्रत्येक बाकावर पत्रके ठेवलेली होती. मी एकशेचाळीस पत्रके गोळा केली आणि सदऱ्याच्या आत घातली. त्यामुळे माझा आकार बदलला. पाळकसाहेब दारातच भेटले. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिले, मग डोळ्यांकडे, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यकृताला सूज आली की असं होतं, लोंढे. वेळेवर दाखवा." संपूर्ण उपासनेत मी उभा राहिलो की कागदांचा आवाज येत होता आणि कुसुम माझ्याकडे पाहत होती. 'सदरा नवा आहे,' असे मी तिला खुणेने सांगितले. तो सदरा नऊ वर्षांचा होता.

याहून मोठे संकट आळंदी रस्त्यावर होते. आमच्या गृहसंस्थेच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत चार भित्तिपत्रके चिकटवली होती, आणि कुसुम सरावासाठी रोज त्याच वाटेने जाई. सोमवारी दुपारी ती वामकुक्षी घेत असताना मी एक बादली, स्पंज आणि पोलादी पट्टी घेऊन बाहेर पडलो. ओल्या कागदाच्या खालून पट्टी तीस अंशांत सरकवली तर कागद अखंड निघतो. तीन पत्रके अशी निघाली. चौथ्याच्या वेळी मागून आवाज आला.

"काय चाललंय?"

हवालदार होते. मी म्हणालो, "पत्रक काढतो आहे."

"कोणाचं?"

"माझेच."

त्यांनी भिंतीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा भिंतीकडे पाहिले. "सुटली होती ना? परत चालू झाली का?"

मला चौकीत नेण्यात आले. आयुष्यात मी पोलीस चौकीची पायरी चढलो नव्हतो. त्या दोनच पायऱ्या आहेत, पण चढताना मला कठड्याची गरज लागली. त्यामुळे हवालदारांचा संशय बळावला.

"नाव?"

"दिगंबर लोंढे."

"पत्रक ख्रिश्चन लोकांचं आहे. तुम्ही दिगंबर. दुसऱ्या धर्माची पत्रकं फाडता? उद्या दंगल झाली म्हणजे?"

"मी ख्रिस्ती आहे. तीन पिढ्यांपासून."

"आणि नाव दिगंबर?"

"आजोबांनी धर्म बदलला. नावांबद्दल त्यांच्याकडे कोणी मागणी केली नव्हती."

"तोंड उघडा. हां करा."

मी हां केले. हवालदारांनी वास घेतला आणि त्यांची निराशा झाली. "वेलदोडा येतोय," ते म्हणाले. "वेलदोडा कशाला खाल्ला?"

"जेवणानंतर खातो."

"सगळे तेच सांगतात."

शेवटी त्यांनी मला सोडले. पण पद्धतशीर माणूस आयती आलेली संधी सोडत नाही. मी त्यांच्याकडे लेखी दाखला मागितला, की सदर इसमाने मद्यप्राशन केलेले आढळले नाही. त्यांनी कागद ओढला आणि लिहिले : "सदर इसमाने आज घेतलेली दिसत नाही."

"साहेब, 'आज' हा शब्द काढता येईल का?"

"काका, मी आज ड्युटीवर आहे. काल मी रजेवर होतो. कालचं मी कसं लिहून देऊ?"

हा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता. मी दाखला घेतला आणि घरी आलो.

मंगळवारी कुसुम सरावाला गेली असताना दारावर थाप पडली. बाहेर एक बाई आणि तिच्या मागे भिंतीला टेकलेला धिप्पाड पुरुष उभा होता. बाईच्या हातात पत्रक होते.

"हेच काका का?" तिने पत्रक माझ्या चेहऱ्याशेजारी धरून पडताळा पाहिला. "मी शकू. मांजरीहून आलेय, संपतरावांनी पत्ता दिला. ह्ये आमचं मालक, मच्छिंद्र. मार्केट यार्डात हमाली करत्यात. माणूस सोन्यावानी हाय काका, पर सांज झाली की पाय थाऱ्यावर न्हाई. तुमी कशी सोडली तेवढं सांगा ह्यांना."

मला दार लावून घेता आले असते. परंतु ही बाई मांजरीची. 'काकांनी घेतलीच नव्हती' हे संपतरावांच्या कानावर गेले असते, तर शनिवारी साप चावलेली बाई गायली असती. मी दोघांना आत बसवले, आलेखाचा कागद घेतला, आडव्या अक्षावर आठवडे आणि उभ्या अक्षावर प्रमाण मांडून टप्प्याटप्प्याने उतरणारी रेघ काढली. शकूने ती रेघ भक्तिभावाने पाहिली. मच्छिंद्र मात्र माझ्याकडे पाहत होता.

"काका, तुमी कंची घेत हुता?"

"निरनिराळ्या."

"न्हाई, पर देशी का हातभट्टीची?"

"दोन्ही," मी म्हणालो. "समप्रमाणात."

"आन् कशासंगं?"

दारू कशाबरोबर तरी घेतात, ही माहिती मला नवी होती. पेय या सदरात मला जे सर्वांत निर्धोक वाटले, ते मी सांगितले.

"दुधाबरोबर."

"दुधासंगं," मच्छिंद्र स्वतःशी म्हणाला. एखाद्या कारागिराने दुसऱ्याचे बिघडलेले काम पाहावे, तशी वेदना त्याच्या चेहऱ्यावर होती. शकू जिन्यात चपला घालत असताना तो दारातच वाकून माझ्या कानाशी आला.

"काका, तुमी जल्मात थेंब घेतला न्हाई."

एका परक्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवण्याची ही त्या तीन आठवड्यांतली पहिली वेळ होती, आणि नेमकी त्याच वेळी मला ती नको होती. मी हात जोडले. "कोणाला सांगू नका. शनिवारी माझ्या बायकोचं गाणं आहे. हे उघडकीला आलं, तर तिला गाऊ देणार नाहीत."

त्याने माझ्या जोडलेल्या हातांकडे पाहिले. "बाईच्या गान्यासाठी दारुडा झालाव?" तो म्हणाला. "न्हाई सांगत." आणि माझा आलेख नीट घडी करून त्याने टोपीत ठेवला.

शनिवार उजाडला. मैदानावर आम्ही पाच वाजता पोचलो. मी रिक्षा मुद्दाम मागच्या बाजूने, उसाच्या फडाकडून आणायला लावली; पुढच्या कमानीवर मी दहा फूट उंच होतो. व्यासपीठाच्या मागे मोठा पडदा होता, त्यावरही तोच मजकूर. परंतु पडद्याला छापील बाजू एकच असते आणि कलाकार त्याच्याकडे पाठ करून बसतो, हा हिशेब मी आधीच मांडला होता. कुसुमने मोतिया रंगाची साडी नेसली होती. पडद्याच्या फटीतून तिने बाहेर पाहिले. जिथवर नजर जाईल तिथवर माणसे होती. माझी बाही तिने चिमटीत धरली, लग्नात धरली होती तशी. माझी सर्व गणना त्या क्षणापर्यंत बरोबर होती. एक बाब मात्र मी पाहिलीच नव्हती, ती म्हणजे पत्रकाची तिसरी ओळ.

"आणि आता," संपतराव ध्वनिक्षेपकावर गरजले, "भगिनी कुसुम गाण्याआधी, ज्या पतीने दारूच्या पायी त्यांचं आयुष्य उद्ध्वस्त केलं, ते स्वतः, बंधू दिगंबर लोंढे, साक्ष द्यायला येत आहेत!"

चार हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या. कुसुमने माझी बाही सोडली. ती वळली, दोन पावले पुढे गेली आणि मागे मान करून तिने पडद्याची दर्शनी बाजू पाहिली. तिने ती सावकाश, शिक्षिकेने पेपर तपासावा तशी, वरून खाली वाचली.

मी ध्वनिक्षेपकापाशी कसा पोचलो, हे मला सांगता येणार नाही. कुसुमकडे पाहण्याचा धीर नव्हता आणि समोर पाहण्याचाही नव्हता. खोटी साक्ष दिली तरी आणि खरे सांगितले तरी, दोन्ही वाटांनी तिचे गाणे जात होते. तेव्हा निदान ती खोटी ठरू नये, एवढेच माझ्या हाती उरले.

"मी दारू पीत नाही," मी म्हणालो.

"हालेलूया!" मैदान गरजले.

"मी कधीही प्यायलो नाही!"

"आमेन!" पुढच्या रांगेतील एक म्हातारे रडू लागले.

"ऐका! मी सोडलेली नाही!" मी ओरडलो, आणि मैदान एकदम चिडीचूप झाले. "म्हणजे धरलेलीच नव्हती! हे पत्रक खोटे आहे. चूक माझी आहे. मी फॉर्म चुकीचा भरला, मला ते कळले, आणि मी भीतीने गप्प राहिलो. माझ्या पत्नीला हे आत्ता, तुमच्याबरोबर कळले आहे. शिक्षा मला करा. तिला गाऊ द्या."

यावर हालेलूया आले नाही. व्यासपीठाच्या डाव्या कडेला एक बाई उठून पदर सावरू लागल्या. त्यांच्या पोटरीवर पट्टी बांधलेली होती. साप चार वर्षांपूर्वी चावला होता. संपतरावांनी त्यांना खूण केली.

"बाईला गाऊ द्या की!" मैदानाच्या अगदी मागून आवाज आला. मच्छिंद्र उभा होता. तो किंचित झुकत होता, पण आवाज पक्का होता. "मानूस खरं बोलतोय! दुधासंगं घेतो म्हनला मला! असला मानूस पीत आसंल का?"

तेवढ्यात कुसुमने ध्वनिक्षेपक माझ्या हातातून काढून घेतला. तो सव्वाचार फुटांवर नव्हता, याची तिला पर्वा दिसली नाही.

"हे पीत नाहीत," ती म्हणाली. शाळेतला तोच आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "पण माझं संकट हेच आहेत, ते मीच सांगितलं होतं. हे घाबरतात. दूधवाला उशिरा आला तरी घाबरतात, वेळेवर आला तरी घाबरतात. एकाहत्तर साली मला रेडिओवर चाचणीसाठी बोलावणं आलं होतं. यांनी ते पत्र कपाटात ठेवलं. म्हणाले, नापास झालीस तर लोकांना तोंड कसं दाखवशील? सव्वीस वर्षं झाली त्याला. मीही परत विचारलं नाही. मग मी तरी कोण मोठी धीराची?"

ते पत्र ती विसरली असावी, असे मी सव्वीस वर्षे गृहीत धरले होते.

"आज पहिल्यांदा हा माणूस घाबरत घाबरत का होईना पुढे आला," ती म्हणाली. "दारूबिरू नाही. माझी साक्ष एवढीच आहे. आता मी गाते. कोणाला उठून जायचं असेल तर त्यांनी आत्ताच जावं, मध्ये उठू नये."

कोणी उठले नाही. पेटीवाला सूर शोधेपर्यंत तिने पहिली ओळ उचललीसुद्धा होती. मी त्या गाण्याचे वर्णन करणार नाही. मला संगीत मोजता येत नाही. मी पडद्याच्या कोऱ्या बाजूला उभा राहून ते ऐकले. एवढेच नमूद करतो की साप चावलेल्या बाई तिसऱ्या कडव्यापासून तिच्या मागे सूर धरून गात होत्या.

कार्यक्रमानंतर संपतराव धावत आले. ते आता मला मैदानाबाहेर काढणार, या समजुतीने मी चपला शोधू लागलो.

"लोंढेसाहेब! दारूच्या एकतीस झाल्या, रोगाच्या चार, सापाची एक. भीतीची अजून कोणीच दिली नव्हती! बायका रडत होत्या. पुरुष जास्त रडत होते. नगर, श्रीरामपूर, जालना, सात गावांच्या सभा आहेत दिवाळीपर्यंत. बाईंना सातही शनिवार देतो. फक्त," त्यांनी माझ्याकडे बोट केले, "हे बरोबर पाहिजेत. माणूस समोर दिसला पाहिजे."

सात गावे, म्हणजे सात बसप्रवास, सात मैदाने आणि सात वेळा हजारो लोकांसमोर आपल्याच बायकोने आपली भित्रा म्हणून ओळख करून द्यायची.

"तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल," कुसुम म्हणाली. आणि ती ते खरेच म्हणत होती. मला तेच सोसले नाही.

"करारनामा लागेल," मी संपतरावांना म्हणालो.

आता दर शनिवारी व्यासपीठावर तिच्या उजवीकडे माझ्यासाठी एक खुर्ची असते. ती माझी सारी भीती लोकांना सविस्तर सांगते, एकही वगळत नाही, आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणते, "हे ते." मग मी उभा राहून नमस्कार करतो. त्या वेळी माझे गुडघे अजूनही स्पष्ट दिसतील इतके कापतात. लोकांना वाटते, तो साक्षीचाच भाग आहे.